तोंड काढलेली रखमा

रखमा गाव सोडून चालली, ही बातमी तुळशीला खुद्द रखमेनंच दिली, आणि तीही भांडणाच्या मधोमध. बातमी द्यायची ही काय रीत झाली? पण रखमेला रीत कधी होती, असं तुळशीचं म्हणणं.

दोघी जावा. तुळशी थोरली, रखमा धाकटी. दोघींचे नवरे वर गेले, एका घराची दोन घरं झाली, एका वाडीच्या मधून दगडांचा गडगा घालून दोन वाड्या झाल्या. सगळं वाटून झालं, फक्त विहीर काही वाटता येईना. मग तोड काढली. विहिरीवर एक पंप, पंपाखाली एक हौद, हौदाला दोन तोंडं. एका तोंडातून पाणी तुळशीच्या पोफळींना जाणार, दुसऱ्यातून रखमेच्या. एक दिवस हिची पाळी, एक दिवस तिची. ज्या बाजूची पाळी नसेल तिच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबायचा. एवढं साधं. आणि एवढ्याशा गोष्टीवर दोघींनी उभी हयात काढली. बोळा सैल बसला, पाणी झिरपलं, पंप जरा उशिरा बंद झाला, काहीही पुरायचं. सकाळी चहाला दूध नसलं तरी चालायचं, पण भांडणाशिवाय दोघींच्या घशाखाली चहा उतरायचा नाही.

ते मोठं वादळ आलं त्या वर्षी नारळी-पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. दोघींच्या घरांवरचे पत्रे उडून कुठे खाडीत जाऊन पडले. पंचनाम्याला आलेला तलाठी बघतच राहिला. दोन म्हाताऱ्या, डोक्यावर उघडं आभाळ, आणि आधी काय करतायत, तर मधला पडलेला गडगा रचतायत. एक दगड हिने, एक तिने, आणि दगडागणिक एक शिवी.

तर त्या सकाळी पाळी तुळशीची होती, आणि रखमा हौदाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पंप बंद कर गं! हीर काय तुझ्या बापानं खणली?"

"माझ्या न्हाय, माझ्या सासऱ्यानं खणली. थोरल्या सुनेचा त्याला फार लोभ होता, ठाव हाय ना?"

"ठाव हाय. लोभ होता म्हनूनच लवकर मेला." रखमेने पदर खोचला. "भांड, भांड. रविवारपर्यंत भांडून घे. मी चालले रघूकडं, उलव्याला. कायमची."

तुळशीने आपली पाळी चालू असताना पंप बंद केला. असं तिच्या बाबतीत कधी होत नसे. मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "जा की. मी काय पालखी काढू?"

घरात येऊन तिने नूतनला, म्हणजे सुनेला, सांगितलं की रविवारी गोड कर, पीडा टळली. नूतनला सगळं आधीच माहीत होतं. रघू, म्हणजे रखमेचा मुलगा, न्हावा शेव्याला बंदरावर कंटेनरच्या हापिसात. त्याच्या बायकोलाही आता नोकरी लागली, पोराला शाळेतून आणायला घरात माणूस हवं. इकडच्या घराला कुलूप घालायचं आणि वाडीकडे हिरामण गडी बघणार.

"हिरामण?" तुळशी हसली. "त्याला म्हटलं तुझ्या पाठीवर विंचू हाय, तरी तो 'व्हय' म्हनंल आणि झोपंल. त्याच्याशी कोन भांडनार?"

"भांडायचंच कशाला, आई?" नूतन म्हणाली.

सुनेने असा मूर्ख प्रश्न विचारला की तुळशी उत्तर देत नसे. ती उठून माजघरात गेली.

माजघरात तिचा नातू प्रथमेश बसलेला. बाप बोटीवर खलाशी, वर्षातून कधीतरी उगवणारा. त्यामुळे पोराला वळण लावायचं काम तुळशीचं. ते तिने इतकं चोख केलं की पोरगा इंजिनेर झाला आणि खारघरच्या हापिसातून घरी येऊन बसला. काम घरूनच करतो, असं नूतन चारचौघांत सांगे. तुळशीच्या हिशेबी, जे काम करताना माणसाला घाम येत नाही आणि ज्याने घरात चिमूटभर धूळसुद्धा हलत नाही, ते काम नव्हे, ते बसणं.

पण त्या दिवशी तिला घरात दुसरं काही सुचेना. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय करतोयस रे?"

"मॉड बनवतोय, आजी."

"ते काय असतं?"

प्रथमेशने डोकं खाजवलं. "म्हणजे खेळ दुसऱ्या कोणीतरी बनवलेला असतो. त्यात आपण आपली लुडबूड घालायची."

लुडबूड म्हणजे काय हे तुळशीला समजावून सांगावं लागत नाही. तिने पाट ओढला आणि ऐसपैस बसली.

पडद्यावर एक गाव होतं. खोक्यांसारखी घरं, खोक्यांसारखी माणसं, त्यांची नाकं मात्र काकडीएवढी. प्रथमेश सांगू लागला. मूळ खेळात हे गावकरी काहीच करत नाहीत. उठतात, एकमेकांच्या दारात जाऊन उभे राहतात, दुपारी घंटेपाशी जमतात, तिथे नुसतं हूं-हूं करतात आणि संध्याकाळी घरात शिरतात. खेळणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. प्रथमेशच्या मॉडने ते कामाला लागतात. एक झाडावर चढतो, एक सुपारी सोलतो, एक पाणी भरतो. न थांबता.

"आजी, जगभरची पोरं वापरतात हे. मला मेल करतात."

"ह्यात नवीन काय केलंस?" तुळशी म्हणाली. "नुसत्या बसलेल्या मान्सांना कामाला लावायचं, हेच मी जन्मभर करत आले. मला न्हाय कोनी मेल केला."

मग तिचं लक्ष गेलं. गावाच्या मागे निळा समुद्र होता, पुढे पोफळींची रांग, मधे गडगा, गडग्याला लागून विहीर, विहिरीवर हौद. हौदाला दोन तोंडं.

"ही आपली हीर!"

"हो. नवं गाव करतोय ना, म्हटलं आपलंच घालू. सगळं घातलंय. समुद्र जवळ, म्हणून पाणी फार उपसलं की विहीर खारट होते, तेसुद्धा. पाळीसुद्धा." त्याने एका झोपलेल्या खोक्यावर बोट ठेवलं. "हा हिरामण. आणि ही बघ, हिरव्या लुगड्यातली, धाकटी आजी."

तुळशीने चष्मा वर केला, मग खाली केला. काकडीएवढं नाक रखमेला इतकं शोभत होतं की देवानेच द्यायला हवं होतं.

"ही कामाला लागंल?"

"सांगशील ते करेल."

"माझ्या पोफळींना पानी घालंल?"

"घालेल की."

"आणि तोंड? तोंड चालवंल ना?"

"तोंड काढून टाकलंय, आजी. गावकऱ्यांचं बोलणंच काढलंय मॉडमध्ये. बोलण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. काम होत नाही."

तुळशी इतकी हसली की नूतन चुलीवरचा तवा टाकून बघायला आली.

त्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की तुळशी पाटावर आणि प्रथमेश खुर्चीत. ती हुकूम सोडायची, तो बटणं दाबायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण ह्या शेळ्या ऐकत होत्या. हिरामण चक्क झाडावर चढत होता. आणि रखमा हंडे भरभरून तुळशीच्या पोफळींना घालत होती. मान खाली, पाय चालू, एक अक्षर नाही.

"अगं जरा उचल पाय!" तुळशी पडद्याला सांगायची. "दिवसभर खातेस ते जातं कुठं?"

पडद्यावरची रखमा पाय उचलायची.

तुळशीने ही गोष्ट गावभर केली. वाण्याकडे सांगितली, मच्छी घेताना सांगितली. रखमा माझ्या घरी पाणी भरते, आणि तेही मुकाट. गावाला काही कळलं, काही नाही. रखमेला बरोबर कळलं.

"ऐकलं, खोक्यात घालून मला राबवतेस म्हनं," ती हौदावर म्हणाली. पाळी तिची होती. "जिवंतपनी जमलं न्हाय ना?"

"जिवंतपनी तुझा उपेग काय होता? आता बघ कशी गुनाची झालीस."

रखमा यावर काही तरी जबर बोलणार म्हणून तुळशी सावरून उभी राहिली. पण रखमा नुसती म्हणाली, "असो. दोन दिस राहिले," आणि बोळा नीट दाबून निघून गेली. असो! रखमेच्या तोंडून हा शब्द तुळशीने जन्मात ऐकला नव्हता.

दुपारी ती पाटावर बसली ती घुश्शातच.

"ती पाळी काढून टाक," तिने प्रथमेशला हुकूम केला. "रविवारनंतर तिची कसली पाळी? सगळं पानी माझं."

"आजी, पाळी काढली तर—"

"तू मला शिकवू नको. काढ."

त्याने काढली. आणि मग पडद्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. खोक्यातली माणसं पाणी उपसू लागली. उपसता उपसता थांबेनात. पोफळींची आळी भरली, वाहिली, तरी ती आपली हंड्यावर हंडा ओततायत. प्रत्येक जण गुणाचा, प्रत्येक जण कामसू. विहिरीचं निळं पाणी मळकट झालं. पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडू लागल्या.

"हे काय झालं?"

"विहीर खारट झाली."

"मग थांबव की त्यांना! आंधळी हायत का मेली? त्या रखमीला सांग. खऱ्या रखमेनं आतापर्यंत गाव गोळा केला असता!"

"सांगू कसं? तिचं तोंड काढलंय."

तुळशी पडद्याकडे बघत राहिली. हिरव्या लुगड्यातली ती बाई खारं पाणी मरत्या झाडाला घालत होती. मान खाली, एक अक्षर नाही. असली रखमा तुळशीला शत्रू म्हणूनसुद्धा नको होती.

"तोंड परत घाल तिला," ती म्हणाली.

"घालतो. पण ती बोलणार काय? वाक्यं लिहावी लागतात."

"लिही. मी सांगते." तुळशीने पाय दुमडले. "'अगं ए सात वाड्यांची मालकीन!' इथून सुरू करते ती. पन त्याच्या आधी पदर खोचते. पदर खोचता येतो का खोक्याला?"

"बघतो."

"मग म्हनते, 'सुपारीएवढं काळीज आणि नारळाएवढं डोकं.' लिहिलंस? मग, 'तुझ्या पिंडाला कावळा शिवायचा न्हाय, मेल्यावर पन तोंड उघडशील म्हनून घाबरंल.' हे ती ठेवनीतलं काढते, रोज न्हाय. मग, 'सासऱ्यानं तुला दागिने दिले, मला अक्कल दिली.' हे खोटं हाय, पन लिही. दागिने कसले, दोन बुगड्या होत्या." ती बोलत गेली. प्रथमेशची बोटं पळत होती. तुळशीला एकही शब्द आठवावा लागला नाही. "मग आवाज खाली आनते आणि म्हनते, 'माझा नवरा गेला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन तूच बसलीस, आणि उजाडल्यावर माझ्या पाळीचा पंप पन तूच चालू केलास.'"

बोटं थांबली. प्रथमेश वळून बघत होता.

"काय बघतोस?"

"तू खरंच चालू केलास?"

"मग? झाडं काय सुतक पाळतात? तिच्याच झाडांना घातलं पानी." तुळशीने चष्मा काढून पदराला पुसला. "ते शेवटचं नको लिहू."

रविवारी रघू गाडी घेऊन आला. चांगला पोरगा, तुळशीच्याच अंगणात रांगलेला. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. रखमेने नवं लुगडं नेसलं होतं. एक पिशवी, एक वळकटी, एक लोणच्याची बरणी. सगळं गाडीत गेलं. हिरामण कुलूप हातात घेऊन ओट्यावर बसला होता, म्हणजे जवळजवळ झोपला होता. नूतन डोळे पुसत होती. तिला मालिका बघूनही रडू येतं. प्रथमेश दारात उभा.

तुळशी आपल्या ओटीवर सुपारी कातरत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

"थोरली आई, येतो," रघू म्हणाला. "दिघीला आगरदांड्याची गाड्यांची बोट गाठायचीय. तुम्ही पण या उलव्याला."

"मी कशाला येऊ? माझी काय तिकडं झाडं हायत?"

रघू हसला. "आईचं तरी इकडे काय होतं? नुसती बसून असते दिवसभर, नाहीतर बोलत असते. तिकडे उपयोग तरी होईल."

तुळशीचा अडकित्ता थांबला. हेच प्रथमेशने खोक्यातल्या गावकऱ्यांबद्दल सांगितलं होतं, आणि तिने ते ऐकलं होतं पाटावर बसून, हसत हसत.

रखमा गाडीकडे निघाली होती. चालताना मान खाली होती. तिने तुळशीकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण ती नुसती म्हणाली, "येते, जाऊबाई. गुडघ्याला तेल लावत जा."

गुडघ्याला तेल! तुळशी उठली. ज्या बाईने कधी सरळ बोलून तोंड विटाळलं नाही तिने असं बोलावं, म्हणजे ती मेलीच की. तुळशी अडकित्ता ओटीवर टाकून तरातरा हौदाकडे गेली. त्या दिवशी पाळी रखमेची होती. तिच्या बाजूचं पाणी पाटातून झुळुझुळु चाललं होतं, शेवटचं. तुळशीने आपल्या तोंडातला बोळा उपसला आणि रखमेच्या तोंडात कोंबला.

अंगणात सगळ्यांसमोर. दिवसाढवळ्या. आज विचाराल तर तुळशी सांगेल की हात चुकून लागला.

रखमेचा एक पाय गाडीत होता. पाण्याचा आवाज बदलला. दुसऱ्या कोणाला तो कळला नसता. रखमेचा पाय खाली आला. तिने वळून बघितलं. मग तिने नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

"अगं ए सात वाड्यांची मालकीन!"

दारातल्या प्रथमेशने तोंडावर हात धरला.

"काय गं?" तुळशी म्हणाली. "तू गेलीस ना? जा की. कुकरच्या शिट्ट्या मोज तिकडं."

"गेले न्हाय अजून! ह्या अंगनात उभी हाय आणि माझ्या पाळीचं पानी चोरतेस? सुपारीएवढं काळीज आणि—"

"नारळाएवढं डोकं. मग पुढं?"

"आई," रघू घड्याळ बघत म्हणाला, "जाऊ दे ना. आता काय करायचंय तुला पाण्याचं? हिरामणकाका बघेल."

रखमा गर्रकन वळली. "हिरामन बघंल? त्याला ह्या बाईनं हिरीत ढकललं तरी 'व्हय' म्हनंल तो!"

"व्हय," हिरामण ओट्यावरून म्हणाला.

"बघितलंस? आणि ही! मी दारात असताना हिला धीर न्हाय. मी गेल्यावर ही रातंदिस उपसंल, हीर खारी करंल, माझी झाडं मारंल आणि वर तुला सांगंल, देवाची करनी!"

"करीन," तुळशी म्हणाली. "कोन अडवनार?"

रखमा हौदापाशी आली. तिने आपल्या तोंडातला बोळा ओढला. तो बोट लावताच हातात आला. इतका सैल बोळा तुळशीने जन्मात कोंबला नव्हता. रखमेने तो ओला बोळा उलटापालटा करून बघितला. तुळशी पोफळीच्या शेंड्याकडे बघू लागली, जणू तिथे कोणी बोलावतंय.

मग रखमेने आवाज दुप्पट चढवला. कावळ्याचं काढलं, दागिन्यांचं काढलं, तुळशीच्या माहेरच्या म्हशीपर्यंत गेली. तुळशीने एकही उसनं ठेवलं नाही. नूतनने चहा टाकला, तो प्यायला कोणी आलं नाही. गडग्यावर शेजारपाजार जमला. दिघीची बोट वेळेवर सुटली असणार. बोटीला काय, तिची पाळी ठरलेली.

रघूने आधी आईला समजावलं, मग थोरल्या आईला, मग तो नूतनने वाढलेल्या ताटावर बसून मुकाट सुरमई जेवला. दुपार कलताना त्याने वळकटी परत ओट्यावर आणली. रखमा म्हणाली, "पोराला सुट्टीत इकडं धाड. तुझ्या बायकोला सांग, म्हातारी कामाची न्हाय निघाली." गाडी परत गेली तेव्हा मागच्या सीटवर आईच्या जागी नारळ होते, सुकट होती आणि तीच लोणच्याची बरणी.

दुसऱ्या दिवशी तुळशी चहा घेऊन पाटावर बसली. प्रथमेश तोंड पाडून पडद्याकडे बघत होता.

"काय झालं?"

"मेल आलेत, आजी. धाकट्या आजीला तोंड दिलं ते सगळ्यांना लागू झालंय. आता सगळा गाव विहिरीवर भांडतो. लोक विचारतायत, हा कामसू गावकऱ्यांचा मॉड आहे ना, मग हे अर्धा दिवस काम सोडून शिव्या का देतात? बंद करायचं बटण कुठाय?"

"हीर गोडी हाय का त्यांची?"

प्रथमेशने बघितलं. "गोडी आहे."

"मग मरू दे त्यांना. बटन न्हाय म्हनून सांग."

एवढ्यात बाहेर पाण्याचा आवाज बदलला. पाळी तुळशीची होती. आणि पाणी रखमेच्या पाटात चाललं होतं.

"मेलीस का गं घरात?" हौदावरून हाक आली.

तुळशीने चहा तसाच ठेवला आणि पदर खोचला.